बघायला एक माणूस

आमच्या अण्णांना कोण जिंकलं हे कधीच सांगता यायचं नाही. सबंध दुपार हुबळीच्या रेल्वे वसाहतीतल्या मैदानावर हॉकीचा सामना बघून ते धारवाडच्या बसमध्ये बसायचे. शेजारचा ओळखीचा माणूस विचारायचा, "येन आतु अण्णा, काय झालं? कोण जिंकलं?" आणि अण्णा कपाळाला हात लावायचे.

"अरे, ते विचारायचं राहिलंच की!"

त्या माणसाला वाटायचं, म्हातारा थट्टा करतोय. थट्टा नसायची. तोवर अण्णा सांगायला लागलेले असायचे, की डाव्या अंगाला एक उंच पोरगा होता, चेंडू त्याच्याकडे कुणी देतच नव्हतं, तरी तो सारखा पळत होता, सारखा हात वर करत होता. "शेवटी एकदा आला बघा चेंडू त्याच्याकडे."

"मग?"

"मग काय, गेला बाहेर." एवढं सांगून अण्णा समाधानाने खिडकीबाहेर बघत बसायचे.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून राहायला आलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. अळणावरजवळच्या खेड्यातून मी धारवाडला बी.ए. करायला आलो होतो. वडील लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचे, आई दुसऱ्याच्या शेतात भात लावायला जायची. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिला. शाळेतल्या मास्तरांनी अण्णांचं घर सुचवलं होतं. पत्र्याची पेटी घेऊन दारात उभा राहिलो, तर अण्णांनी आडनाव विचारलं नाही की जात विचारली नाही. विचारलं ते असं:

"तुमच्या गावात काय खेळतात?"

"कबड्डी. पण मी नाही खेळत," मी घाबरत म्हणालो.

"मी तरी कुठं खेळतो," असं म्हणून त्यांनी मागची खोली उघडून दिली.

अण्णा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. लग्न केलेलं नव्हतं. एक भाऊ बेळगावात, तो दिवाळीला पत्र पाठवायचा. घर मराठी, पण फार राग आला की, किंवा फार आनंद झाला की, अण्णा कन्नडमध्ये शिरायचे. मला पहिल्या दिवसापासून 'तम्मा' म्हणायला लागले. आमच्याकडे धाकट्या भावाला तसं म्हणतात. मला थोरला भाऊ नव्हता, त्यामुळे ते ऐकायला बरं वाटायचं.

त्यांना लहानपणापासून दमा होता. शाळेत पीटीचा तास आला की मास्तर त्यांना कडेला बसवायचे, आणि नुसतंच बसू नये म्हणून सगळ्या पोरांचे सदरे आणि चपला त्यांच्या स्वाधीन करायचे. "सगळ्यांचं सगळं माझ्याजवळ," ते हसत सांगायचे. "पोरं नुसती हाडं घेऊन पळायची." मग हसणं थांबवून म्हणायचे, "पण तिथं बसून एक कळलं, तम्मा. खेळणारा पोरगा मधनंच एकदा कडेला बघतो. का बघतो ते त्यालाही ठाऊक नसतं. आणि तिथं कुणी नसलं, की त्याचं तोंड कसं होतं ते मी बघितलंय."

म्हणून जिथं गर्दी आहे तिथं ते जातच नसत. क्रिकेटच्या मोठ्या सामन्याला सगळी हुबळी लोटायची, त्या दिवशी अण्णा कुठल्यातरी दोन हायस्कुलांचा व्हॉलीबॉल बघायला जाणार. तिथं खेळाडू, पंच आणि एखादी म्हैस सोडली तर कुणी नसायचं. "तिकडं बघायला माणसं आहेत की," ते म्हणायचे. "इकडं एक तरी पाहिजे."

जाताना इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी टोपी आणि पॉलिश केलेले बूट. गल्लीतले लोक विचारायचे, "अण्णा, कुणाचं लग्न?" मी एकदा म्हटलं, धुळीत बसायचं तर बूट कशाला? ते म्हणाले, "पोरं आपल्यासाठी कपडे करून येतात, आणि आपण लुंगीवर जायचं?" मैदानावर ते ओरडत नसत. गोल झाला, सगळे नाचले, तरी हे शांत. कुणाचा नेम चुकला, कुणी पाय घसरून पडला, की ते दोनच टाळ्या वाजवायचे. सावकाश. एकीनंतर दुसरी. त्या शांततेत त्या टाळ्या इतक्या मोठ्या वाटायच्या की पडलेला पोरगा दचकून बघायचा. काही पोरं चिडायचीसुद्धा. एकाने तर मैदानातून ओरडून विचारलं होतं, "अज्जा, तुम्ही त्यांच्या बाजूचे काय?"

"मी कडेच्या बाजूचा," अण्णा म्हणाले.

त्यांनी जन्मात चेंडू फेकला नव्हता. एकदा हॉकीचा चेंडू घरंगळत त्यांच्या बुटापाशी येऊन थांबला. गोलकीपर लांबून ओरडतोय, "ओगीरी अज्जा, ओगीरी!" म्हणजे फेका. अण्णा उठले, चेंडू दोन्ही हातांनी उचलला, प्रसाद धरावा तसा छातीशी धरला आणि चालत चालत मैदानाच्या मध्यावर गेले. सामना थांबलेला. बावीस पोरं काठ्या टेकून उभी. अण्णांनी चेंडू पंचाच्या हातात दिला, "तुमचा आहे, घ्या," म्हणाले आणि तसेच चालत परत आले. पोरांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, तर हे लाजून टोपी नीट करत बसले.

बेळगावच्या पुतण्याच्या लग्नात तर कहर झाला. अक्षता टाकायची वेळ झाली आणि अण्णा गायब. भाऊ माझ्यावर डाफरला, "तुमच्या घरमालकांना आणा हो!" मी शोधत कार्यालयाच्या मागे गेलो. तिथं खरकट्याच्या पिंपांपलीकडे मोकळ्या जागेत बँडवाले आणि वाढपी कबड्डी खेळत होते. बँडवाल्यांनी लाल कोट, झालरीच्या टोप्या काढून ठेवलेल्या. त्या सगळ्या टोप्या मांडीवर घेऊन अण्णा एका उलट्या घमेल्यावर बसले होते.

"अण्णा, मंगलाष्टकं सुरू झाली!"

"तिकडं चारशे माणसं आहेत, तम्मा. नवरदेवाला मी नाही दिसलो तरी चालतंय."

त्या दिवसापासून भावाचं पत्रही बंद झालं. अण्णांनी तो विषय कधी काढला नाही. फक्त दिवाळीच्या दिवसांत पोस्टमनची सायकल वाजली की ते दारापर्यंत जाऊन यायचे.

दुसऱ्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो. निकाल बघायला अण्णा न सांगता माझ्या पाठोपाठ कॉलेजपर्यंत आले होते. मी फळ्यापाशी गर्दीत शिरलो, नंबर शोधला, पुन्हा शोधला आणि बाहेर आलो. फाटकाशी अण्णा उभे होते, त्याच इस्त्रीच्या शर्टात. माझं तोंड बघून त्यांना कळलं. त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या.

लोक वळून बघायला लागले. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. वखारीत ओंडके उचलणारे वडील आठवले, डोळे भरून आले. अण्णा जवळ येऊन म्हणाले, "बाहेर गेला रे. पण पळालास की. मी बघत होतो, पहाटेपासून दिवा असायचा तुझ्या खोलीत." मग त्यांनी मला कोपऱ्यावरच्या गाड्यावर नेऊन चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला घातलं. बरोबरची मिरची भजी इतकी तिखट, की रडायला वेगळं कारण लागलं नाही.

पुढच्या खेपेला मी पास झालो, तिसरं वर्षही सुटलं आणि पदवी घ्यायचा दिवस आला. मी अण्णांना बोलवायला गेलो, तर ते बाहेरच्या ओट्यावर अंगातल्या बनियनवरच बसून होते.

"तुझे आईवडील येतायत ना?"

"येतायत."

"मग झालं की. जा तू."

मी किती आग्रह केला, पण आले नाहीत. तेव्हा मला ते त्यांचं विक्षिप्तपण वाटलं होतं.

मी पुढे बी.एड. केलं, हुबळीला लॅमिंग्टन रोडवरच्या एका हायस्कुलात मास्तर झालो. रोज बसने जाऊन येऊन करायचो, पण खोली सोडली नाही. आमच्या घराच्या मागे एका मुलींच्या शाळेचं मैदान होतं. माझ्या खोलीच्या खिडकीतून ते पूर्ण दिसायचं. तिथं मुलींचा खो-खोचा सराव चालायचा. अण्णांचा दमा वाढला तसं हुबळीला जाणं कमी झालं, आणि त्यांचं सगळं बघणं त्या एका मैदानावर येऊन थांबलं. रोज संध्याकाळी चिंचेखाली पोतं अंथरून ते बसायचे. मुली त्यांना अज्जा म्हणायच्या. पुढे रेणुका नावाची त्यांची कप्तान झाली, काटक, सावळी पोर. खांबाला वळसा घालताना हमखास पडायची. पडली की गुडघे झाडत चिंचेकडे बघायची. टाळ्या झाल्या की पुन्हा पाटीवर बसायची. रेणुकाच्या आधीही वर्षानुवर्षं हेच चाललेलं. मुली दहावी होऊन जायच्या, नव्या यायच्या, अण्णा तिथंच.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. एका संध्याकाळी त्या शाळेचे पीटी मास्तर घरी आले. भला माणूस. दारातच घुटमळत उभा राहिला.

"कूडरी मास्तर, बसा. चहा ठेवतो," अण्णा म्हणाले.

"चहा नको अण्णा."

"का? शिट्टी फुंकून पोट भरलं?"

मास्तर हसले नाहीत. "अण्णा, तुमच्याबद्दल माझं काही नाही. मुलींचं तर नाहीच नाही."

"मग कुणाचं आहे?"

"एका मुलीच्या वडिलांनी हेडबाईंकडे तक्रार केली. रोज एक माणूस मुलींकडे बघत बसतो म्हणे."

अण्णांनी हातात घेतलेलं चहाचं भांडं खाली ठेवलं. "बसतो की," ते म्हणाले. "खोटं कुठं आहे त्यात?"

"ते तसं नाही म्हणत, अण्णा..."

"ते कसं म्हणतात ते कळलं मला." त्यांचा आवाज बदलला नाही. "टाळ्या बंद करू?"

"यायचंच बंद करा म्हणतात."

"फाटकाबाहेर बसलो तर? लांब?"

"बाहेर बसलात तर आणखी वाईट दिसतं, अण्णा." मास्तरांना रडूच यायचं बाकी होतं. "बाई नव्या आहेत. त्यांना तुम्ही माहीत नाही."

"बरं," अण्णा म्हणाले. "आता तरी चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली तेव्हा मी घरीच होतो. मला वाटलं, माझ्या खिडकीतून तरी बघतील. अण्णा खोलीत आले, खिडकीपाशी गेले आणि दोन्ही दारं ओढून घेतली. "तम्मा, सरावाच्या वेळी ही बंद असू दे," ते म्हणाले. "चोरून बघितल्यासारखं होतं."

मी हेडबाईंना भेटायला गेलो. बाई उर्मट असतील अशी मनाची तयारी करून गेलो होतो, पण तशा नव्हत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही मास्तर आहात म्हणून विचारते. त्यांना बसू दिलं, आणि उद्या दुसरा कुणी येऊन बसला, तर त्याला मी कुठल्या तोंडाने उठवू? माणूस चांगला आहे हे कपाळावर लिहिलेलं असतं काय?"

मी नमस्कार करून घरी आलो. अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरोबर बोलल्या. मुली त्यांच्या जबाबदारीवर आहेत." आणि तांदूळ निवडायला लागले.

मी एक टीव्ही आणला. जगातले सगळे खेळ त्यात दिसतात म्हटल्यावर अण्णा कौतुकाने शर्ट, बूट घालून त्याच्यापुढे बसले. कुठल्यातरी परदेशात टेनिस चाललं होतं. एका बाईचा चेंडू जाळीत गेला. अण्णांनी दोन टाळ्या वाजवल्या आणि वाट बघत राहिले. ती बाई रुमालाने तोंड पुसत होती. "तिला कुठं ठाऊक आहे मी आहे म्हणून," असं म्हणून अण्णा उठले. पुढे त्या टीव्हीवर मीच बातम्या बघायचो.

ते दिवस फार वाईट गेले. संध्याकाळी मी हुबळीहून परत यायचो तर घरात दिवाही लावलेला नसायचा. मागून मुलींचं "खो! खो!" ऐकू यायचं आणि अण्णा पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे. जेवण कमी झालं. दमा नसलेल्या दिवशीसुद्धा ते दमल्यासारखे बोलायचे. मी दिवा लावून शेजारी बसायचो.

एका दुपारी रेणुकाची आई आली. ती एका खानावळीत जोंधळ्याच्या रोट्ट्या थापायला जायची. दारात उभी राहून पदराने हात पुसत म्हणाली, "अण्णा, पोरगी घरी येऊन रडते. पडलं तरी कुणी काही म्हणत नाही म्हणते."

"तू आहेस की आई."

"मी कधी बघितलंय? ती खेळते तेव्हा मी चुलीपुढं." मग म्हणाली, "रविवारी इथंच शाळेत तालुक्याचा सामना आहे. मी सुट्टी घेतलीय. तुम्ही माझ्याबरोबर चला."

"मला मनाई आहे बाई."

"हेडबाईंना सांगून आलेय मी. म्हटलं, माझ्या मुलीचा खेळ बघायला मी येणार, आणि येताना घरचं मोठं माणूस घेऊन येणार. त्याला नको म्हणून दाखवा."

"काय म्हणाल्या?"

"पालकांबरोबर आलेल्याला ना नाही म्हणाल्या. पण अण्णा, मला त्या खेळातलं काही कळत नाही. शेजारी बसून सांगा."

"मलाही कळत नाही," अण्णा म्हणाले.

"अय्यो! इतकी वर्षं बघून?"

"हो की."

"मग दोघं मिळून न कळता बघू," ती म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन हसली. कितीतरी दिवसांनी अण्णाही हसले.

रविवारी आम्ही तिघं गेलो. अण्णा पोत्याच्या एका टोकाला, रेणुकाची आई दुसऱ्या टोकाला, मधे मी. सुरुवातीला ती तोंडावर हात ठेवून बघत होती. मग हात खाली आला. मग ती गुडघ्यांवर उभी राहिली. रेणुका पळायला लागल्यावर तिने जी आरोळी ठोकली ती खानावळीपर्यंत गेली असेल. "पळ गं माझे आई! पळ!" रेणुका खांबापाशी पडली, नेहमीसारखी. अण्णांनी दोन टाळ्या वाजवल्या. रेणुकाने गुडघे झाडत आमच्याकडे बघितलं, आणि आई दिसताच एवढं मोठं हसली की पंच शिट्टी वाजवायची विसरला. सामना आम्ही हरलो. मी मुद्दाम विचारून ठेवलं होतं.

त्यानंतर हेडबाईंनी सगळ्याच आयांना निरोप धाडला, वेळ असेल तिने सरावाला यावं, मुलींना बरं वाटतं. आया यायला लागल्या. आधी दोघी, मग पाचसहा. कुणी भाजी निवडत, कुणी धाकटं पोर मांडीवर घेऊन. चिंचेची सावली भरून जायची. अण्णांना सगळ्या मान द्यायच्या, "अण्णा, इकडं बसा, ऊन येतंय," म्हणून पोतं सरकवायच्या. मला फार आनंद झाला होता. माझी खिडकी पुन्हा उघडी राहायला लागली, आणि तिच्यातून मला बायकांच्या मधोमध ती काळी टोपी दिसायची.

मग एका संध्याकाळी शिट्टी वाजली तरी अण्णा ओट्यावरच होते. दुसऱ्या दिवशीही. मी विचारलं, "दमा वाढलाय काय?"

"नाही."

"कुणी काही बोललं?"

"छे छे. काल एकीने मला थर्मासमधला चहा पण दिला."

मला जरा रागच आला. "अण्णा, ज्या जागेसाठी एवढं सगळं झालं, ती जागा मिळाली. आणि आता तुम्हीच जात नाही?"

अण्णा रस्त्याकडे बघत म्हणाले, "पोरगी पडली की आता आईकडे बघते, तम्मा."

"मग ते चांगलंच आहे की."

"चांगलंच आहे. तसंच पाहिजे. मीच म्हटलं होतं तिच्या आईला." त्यांनी श्वास घेतला. "सगळं बघितलं रे मी आजवर. हे एक बसून बघायला जमत नाही."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो. मागून खो-खोचा गलका येत होता, मधेच आयांचा हशा. पदवीच्या दिवशी ते बनियनवर का बसून राहिले होते, ते मला तेव्हा कळलं. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघंही तिथंच बसून राहिलो. मुली घरी गेल्या, आया गेल्या, फाटकाची कडी वाजली.

तेव्हा अण्णा म्हणाले, "तारिहाळला कारखान्यातली माणसं पाळी सुटल्यावर व्हॉलीबॉल खेळतात म्हणे. जाळी नाही, दोरी बांधून."

"खेळत असतील."

"बघायला कोण असतं तिथं?"

"तिथं कोण असणार अण्णा? सगळा माळ आहे."

"हौदा? खरंच?" ते म्हणाले आणि जरा सरळ होऊन बसले. "तिकडची बस कुठून सुटते?"